केवायशी झाली का?

परवा सकाळी आमच्या बपेऱ्यातली शेजारची मोठीमाय दारात आली. पिशवीत पासबुक, आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स. म्हणाली, "बाबू, बँकवाला म्हनते तुही केवायशी नाई झाली. थे काय रायते?"

श्रावणबाळचे महिन्याचे दीड हजार खात्यात जमा होतात, पण दोन महिन्यांपासून निघत नाहीत. तीनदा गेली, तीनदा परत आली. एकदा लिंक नव्हती. एकदा अंगठा उमटला नाही; आयुष्यभर रोवणे केलेल्या हाताच्या रेघा मशीनला कुठून दिसणार? तिसऱ्यांदा सांगितलं, "केवायसी करून आणा." जणू बाजारातून आणायची वस्तू आहे.

मी तिला फोड करून सांगितली. 'नो युअर कस्टमर', म्हणजे आपला ग्राहक ओळखा. हे बँकेला सांगितलेलं आहे. रिझर्व्ह बँकेनं २००२ मध्ये तशा सूचना बँकांना दिल्या.

मोठीमाय जरा थांबली. "म्हंजे त्याईनं मले ओरखाचं? मंग चकरा मी कायले मारून रायली?"

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस तेच डोक्यात आहे. तीन अक्षरं झाली आणि काम कुणाचं हेच त्यातून गळून गेलं. 'ओळखा' हे बँकेला सांगितलं होतं, ते आता म्हातारीच्या डोक्यावर येऊन बसलं.

तसं माझं इंग्रजी आखूड शब्दांशी भांडण नाही. एसटी म्हणजे स्टेट ट्रान्सपोर्ट हे किती प्रवाशांना ठाऊक असेल? काही अडत नाही, १९४८ पासून ती धावतेच आहे. महावितरणच्या कागदावर 'रोहित्र' असतं, गावात डीपी जळते. (पोरांची डीपी वेगळी, ती रोज बदलते. गावची जळली की बदलायला किती दिवस लागतात ते विचारू नका.) नदी ओलांडली की एमपी. आपले जुने लोक 'सीपी' म्हणायचे, कारण हा भाग आधी सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमध्ये होता. पुढे मध्यप्रदेशात राहिला आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. म्हणजे आपणही एकेकाळी एमपीवालेच. वस्तूचं नाव आखूड झालं तर कुणाचं नुकसान होत नाही.

हक्काचं नाव आखूड झालं की होते.

धान खरेदी केंद्रावर बघा. माणूस ट्रॅक्टर लावून उभा असतो. मूठभर धान हातात घेतात आणि सांगतात, "एफएक्यू नाही." संपलं. कोणी विचारत नाही एफएक्यू म्हणजे काय. 'फेअर ॲव्हरेज क्वालिटी', म्हणजे बऱ्यापैकी सरासरी दर्जा. उत्तम माल मागितलेलाच नाही! ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. काडीकचरा, खराब दाणे, पोचट दाणे यांच्याही टक्क्यांत मर्यादा ठरलेल्या आहेत. "ओलावा १९ आहे" असं सांगितलं तर शेतकरी म्हणेल, मशीन लावून दाखवा, नाहीतर दोन दिवस वाळवून आणतो. पण "एफएक्यू नाही" म्हटलं की तो गाडी वळवतो आणि व्यापाऱ्याकडे मिळेल त्या भावात टाकून येतो. मागच्या एका हंगामात मीही तसाच वळलो होतो. तेव्हा मलाही अर्थ माहीत नव्हता, आणि विचारायची लाज वाटली.

भावाचंही तेच. आपल्याकडे 'हमीभाव' हा किती नेमका शब्द आहे. साधारण धानाला २०२५-२६ साठी क्विंटलला २,३६९ रुपये. हमी कोणी दिली, पाळली का, हे त्या शब्दातूनच विचारता येते. आता आपणच एमएसपी म्हणायला लागलो. आणि इंग्रजीला एकट्याला दोष कशाला, रोजगार हमी योजनेचं 'रोहयो' आपण मराठीतच केलं. त्यातली हमी 'ह'पुरती उरली.

तर केवायसीचं. रिझर्व्ह बँकेचे नियम काढून वाचले. कमी जोखमीच्या खात्याचं केवायसी दहा वर्षांतून एकदा नवं करायचं असते. आणि नाव, पत्ता काहीच बदललेलं नसेल तर 'काही बदल नाही' एवढं स्वतः लिहून दिलेलं चालते. मोठीमायचा पत्ता लग्न होऊन आली तेव्हापासून तोच आहे.

अर्ज काल लिहून ठेवला, साध्या कागदावर, मराठीत. दोन प्रती केल्या, एकीवर पोच घेणार. सोमवारी तिला घेऊन जातो. गावात अजून कुणाचं खातं असंच अडलं असेल तर रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा, त्यांचाही कागद लिहून ठेवतो. सगळे एकाच खेपेत जाऊ.