माच कधी उघडणार?

चंद्रपूर आणि गडचिरोली १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता. त्या जिल्ह्यातल्या आम्हा पोरांना मे महिन्यात प्रश्नही एकच असायचा, माच कधी उघडणार? झाडाला पाड लागला की गावरान आंबे उतरायचे. अंधाऱ्या खोलीत धानाची तणस, तिच्यावर आंबे, वर पुन्हा तणस, हाच माच. रोज संध्याकाळी आजी तणस सारून एकेक आंबा हलकेच दाबायची, देठाशी नाक न्यायची, मग आम्हालाही हुंगायला द्यायची. "आंबा पिवळा काहून होते वो आजी?" "तणशीची गर्मी लागते त्याले." प्रश्न संपला.

आज नातवंडं तेच विचारतात आणि उत्तर जास्त चांगलं देता येतं. बी तयार नसतं तोवर झाड फळाला पानांच्या हिरव्या रंगात लपवतं, आंबट-तुरट ठेवतं. बी तयार झालं की आंबा स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडू लागतो. त्यानं हिरवं द्रव्य विरतं, खालचा पिवळा रंग उघडा पडतो, पिठाची साखर होते, गर मऊ पडतो. जांभळात मात्र जांभळा रंग नव्यानं तयार होतो. हे सगळं पाखरांना, माकडांना, ताडोबातल्या अस्वलांना आवतण असतं. या, खा, बी दूर नेऊन टाका. तणशीत तो वायू आणि ऊब दोन्ही कोंडून राहायचे, म्हणून एक आंबा पिकला की शेजारचेही पिकायचे.

आणि एक सडला की शेजारचेही सडायचे. उंदीर लागायचे, बुरशी धरायची, आंब्याचे दिवस सरले की कित्येक घरांत फळ दिसतही नसे. ते दिवस परत यावेत असं म्हणवत नाही.

आता फळ बारमाही मिळतं. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, कारण त्यासोबत आर्सेनिकचे अंश येतात. २०१६ पासून ठरावीक प्रमाणात इथिलीन वापरायला परवानगी आहे. बंद खोलीत सगळे आंबे एकदमच पिवळे होतात. सोय मोठी, पण हुंगायला पोरांना कुणी हाक मारत नाही.

भामरागडकडच्या माडिया गावांत वाट पाहण्याला देवाचं बळ होतं. पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, होईपर्यंत ते फळ तोंडात घालायचं नाही. तोवर कोय टणक झालेली असे, पुढच्या झाडाची सोय झालेली असे. हा धीर चारोळीच्या वाट्याला उरला नाही, याचं दुःख मला माच गेल्याहून अधिक आहे. दुसरा कुणी आधी नेईल या भीतीनं चारं, म्हणजे चारोळीची फळं, हिरवीच ओरबाडतात, फांद्याही तोडतात. कोवळ्या बीतून रोप येत नाही, आणि जंगलात चाराची नवी झाडं कमी होत जातात.

टेंभरांना, म्हणजे तेंदूच्या फळांना, मात्र अजून घाई चालत नाही. कच्चं टेंभरू खाल्लं की जीभ आवळून येते. नातवंडांना मी तेच आधी चाखायला देतो, पिकलेलं नंतर.