खिडकीच्या अलीकडे

चौकशीच्या खिडकीपाशी माणूस सहसा सुखात असताना येत नाही. मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयाच्या अशा खिडकीच्या अलीकडे मी एकवीस वर्षे काढली. वसईहून पहाटेची लोकल गाठायची आणि आठाच्या ठोक्याला खिडकी उघडायची. केसपेपर कोठे निघतो, क्ष-किरण विभाग कोणत्या मजल्यावर, भेटीची वेळ कोणती, ही उत्तरे महिन्याभरात तोंडपाठ होतात. खरे काम त्यानंतर सुरू होते.

कारण ओठांवरचा प्रश्न आणि मनातला प्रश्न पुष्कळदा वेगळे असतात. ‘डॉक्टर किती वाजता येतात?’ असे तिसऱ्यांदा विचारणाऱ्या बाईला वेळ नको असते. आपले माणूस वाचेल ना, हे तिला विचारायचे असते.

एकदा एक वृद्ध गृहस्थ जेवणाचा डबा घेऊन आले. पत्नीची खाट रिकामी दिसली, तिला कोठे हलवले, एवढेच त्यांना हवे होते. घरी धाडलेला निरोप त्यांना वाटेत चुकला असावा. माझ्यासमोरच्या नोंदवहीत त्या नावापुढे पहाटेची वेळ आणि एकच शब्द होता. मृत्यूची वार्ता डॉक्टरांनी सांगावी, खिडकीने नव्हे, असा नियम. आणि तो योग्यच आहे. परंतु खोटे बोलण्याची मुभा कोणताही नियम देत नाही. मी म्हटले, “काका, डॉक्टरांना तुमच्याशी बोलायचे आहे. मी येते बरोबर.” सहकारिणीवर खिडकी सोपवून मी त्यांच्यासह जिना चढू लागले. अर्ध्या वाटेवर त्यांनी काही न बोलता डबा माझ्या हाती दिला.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास करून १९८३ साली एक ग्रंथ लिहिला. आतले वादळ आवरून चेहरा प्रसन्न ठेवणे हेही श्रमच होत, असे त्यांनी दाखवून दिले आणि त्यांना ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. वेतनाच्या चिठ्ठीत मात्र या श्रमांचा रकाना नसतो.

माझी भाची पुण्यात संगणक-साहाय्य केंद्रात रात्रपाळी करते. तिच्याकडील प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो. त्याला ते ‘तिकीट’ म्हणतात. बंद पडलेले काम चालू करून देणे ही ‘घटना’ आणि ते पुन:पुन्हा का बंद पडते याचा शोध ही ‘समस्या’, असा भेद त्यांच्या शास्त्रात आहे. पहिल्या फळीतल्या मुलीने घटना मिटवावी. समस्या वरच्या फळीकडे जाते. शिव्या मात्र पहिल्या फळीतच थांबतात. “मावशी, रागावलेल्या माणसाला दोन मिनिटे बोलू दिले की निम्मी तक्रार तोच सोडवतो,” असे ती म्हणते. पण तीच दोन मिनिटे तिच्या संभाषणाच्या सरासरी वेळेत मोजली जातात आणि तिच्या कामातील उणीव ठरतात!

आता ठरावीक प्रश्नांना यंत्रेही उत्तरे देऊ लागली आहेत. त्यात वाईट काही नाही. मजला आणि वेळ यंत्राने खुशाल सांगावी. मात्र ज्या प्रश्नाला उत्तर नसते, तो घेऊन येणाऱ्यासाठी समोर एक माणूस असावा, आणि त्याला ऐकून घेण्यापुरता वेळ मिळावा. खिडकीपलीकडून आपण त्याच्यावर आवाज चढवतो, तेव्हा ध्यानात असू द्यावे, नियम त्याने केलेला नसतो; तो सोसण्याची नोकरी तेवढी त्याची असते.