बिननावाचे यंत्र

दिल्लीस बदली होऊन आलेल्या मराठी माणसास येथील थंडीची सवय होते, उन्हाळ्याचीही होते. पाण्याची होण्यास मात्र फार दिवस लागतात. आमच्या रामकृष्णपुरमच्या क्वार्टरात नळाला जे येते त्यात बोअरच्या पाण्याचा भाग बराच असावा. पातेल्याच्या तळाशी पांढरी पुटे धरतात आणि तुरीची डाळ काही केल्या शिजत नाही. त्यामुळे येथे प्रत्येक बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात एक पाणी शुद्ध करण्याचे यंत्र टांगलेले दिसते. त्याला सारे जण आर. ओ. म्हणतात.

आमच्या मुलीच्या पोटाच्या तक्रारी वाढल्या तेव्हा हे यंत्र घेणे आम्हांस भाग पडले. वार्ता कशी पसरली कोण जाणे, पण त्याच रविवारी एक टाय लावलेला विक्रेता दारात हजर झाला. त्याने दोन पेले मांडले. एकात आमचे नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेले शुद्ध पाणी. मग धातूच्या सळ्या असलेले एक उपकरण दोन्हींत बुडवून त्याने विजेचे बटण दाबले. मिनिटभरात आमच्या पेल्यात तपकिरी-हिरवट गाळ दाटला. त्याचे पाणी मात्र स्फटिकासारखे राहिले. "साब, आप बच्ची को ये पिला रहे हैं!" असे तो अत्यंत दुःखी चेहऱ्याने म्हणाला. आमच्या सौभाग्यवती पांढऱ्याफटक पडल्या.

बी. एस्सी.च्या वर्गात शिकलेले विद्युत्-विघटन मंत्रालयातील फायलींखाली दडपून गेले होते, ते त्या क्षणी वर आले. आम्ही आतून चिमूटभर मीठ आणून त्याच्या शुद्ध पाण्यात टाकले आणि बटण पुन्हा दाबण्याची विनंती केली. पाहता पाहता त्याचाही पेला गढूळ झाला. तो गाळ पाण्यातला नव्हताच. तो सळईतल्या लोखंडाचा होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून गंजाच्या रूपाने उतरते. क्षार नसले की वीज वाहत नाही, एवढाच त्या जादूचा अर्थ. विक्रेता निघून गेला. सौभाग्यवतींनी पुढे दोन दिवस पाणी उकळूनच वापरले, हेही नमूद केले पाहिजे.

शेवटी आम्ही मुनीरकाच्या एका दुकानातून साडेसहा हजारांचे यंत्र घेतले. दुकानदाराने रिकामा प्लास्टिकचा डबा पुढ्यात ठेवला आणि अर्ध्या तासात आमच्या डोळ्यांदेखत त्यात एकेक भाग बसविला. काम संपल्यावर त्याने खणातून चकचकीत चिठ्ठ्यांचे भेंडोळे काढून विचारले, "कौन सा नाम लगाऊँ?" त्यात पाच-सहा नावे होती. कोणी 'ॲक्वा'ने सुरू होणारे, कोणी 'प्युअर'ने संपणारे. सारी नामांकित नावांची चुलत भावंडे. आम्ही म्हटले, राहू द्या. त्याला ते चमत्कारिक वाटले असावे. पण ज्या सरकारात शिक्षणाच्या मंत्रालयाचे नाव १९८५ साली बदलून २०२० साली पुन्हा पूर्वीचे झाले, आणि ज्यात आम्ही स्वतः अपर डिव्हिजन क्लार्कचे 'वरिष्ठ सचिवालय सहायक' झालो, तेथे आमचा चिठ्ठ्यांवर फारसा लोभ उरलेला नाही. काम तेच, खुर्चीही तीच.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वडीलधारे बंगाली गृहस्थ राहतात. सारी इमारत त्यांना दादा म्हणते. त्यांचे यंत्र अठरा हजारांचे, थोर नावाचे. गेल्या जूनमध्ये ते एकाएकी मुके झाले. कंपनीच्या माणसाने बोर्ड गेल्याचे निदान करून चार हजार दोनशेंचा खर्च सांगितला. दादांच्या घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, आणि महिनाअखेर. आम्ही म्हटले, दादा, एकदा उघडून तरी पाहू. पेचकस फिरविला आणि आत पाहतो तो आमच्याच यंत्राचे आतडे! तोच चोवीस व्होल्टचा पंप, तोच सोलेनॉइड व्हॉल्व्ह, तेच पांढऱ्या नळ्यांचे जाळे. आमचा ॲडॉप्टर काढून त्यांच्या यंत्रास जोडताच ते घरघरू लागले. दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर लाजपतराय मार्केटातून साडेतीनशे रुपयांचा नवा ॲडॉप्टर आणला. दादांनी संदेश खाऊ घातले.

तरीपण थोर नावात काहीच नसते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या फिल्टरच्या आट्या मुद्दाम निराळ्या पाडलेल्या, म्हणजे दुसऱ्या कोणाचा बसूच नये. ती एक लबाडीच. पण फोन केला की कोणीतरी येते. आमच्या यंत्रासाठी येणारे कोणी नाही.

म्हणून आम्ही एक नोंदवही ठेवली आहे. दर पंधरा दिवसांनी टी. डी. एस. मीटर बुडवून नळाच्या आणि यंत्राच्या पाण्यातील क्षारांचे आकडे लिहावयाचे. कारकुनास आणखी काय येते? पहिली नोंद : नळ ६२०, यंत्र ४८. मीटर जंतू दाखवीत नाही, हे ध्यानात ठेवावे. पण मेम्ब्रेनची नाडी त्याला बरोबर कळते. ज्या पातळ पडद्यातून दाबाने पाणी जाते आणि क्षार मागे राहतात, तो पडदा हेच खरे यंत्र. बाकी सारा सरंजाम. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी पहिला कामाचा पडदा घडविला. त्या दोघांपैकी एक आपल्याकडचा, हे दुकानात कोणाला ठाऊक नसते.

आजच्या पडद्याला क्लोरीन सोसत नाही. नळाच्या पाण्यातले क्लोरीन अडविण्याचे काम आधीच्या कार्बनचे. तो स्वस्त कार्बन वेळेवर बदलला नाही की महागडा पडदा जळतो. आमच्या वहीत ४८ चे ५५ झाले, मग ७०, आणि दोन वर्षांनी १४०. नवे मेम्ब्रेन आणले, नामांकित छापाचे, सीलबंद. बसवून, तासभर पाणी सोडून देऊन मोजले तर १९०! पुन्हा मोजले, १९०. दुकानदार म्हणाला, मीटर बिघडला असेल. आम्ही वही काउंटरवर ठेवली आणि त्याच्याच दुकानातल्या मीटरने मोजावयास सांगितले. त्याने गुपचूप दुसरे दिले, खोक्यावर नाव तेच. त्याने ५२ दाखविले. म्हणजे एकाच नावाखाली एक खरे व एक खोटे नांदत होते, आणि ते पाणी आमची मुलगी प्यायली असती.

आई वाईहून आली की या पाण्याला तोंड लावीत नाही. "अरे, याला चवच नाही," म्हणते. तिचेही खरे आहे. क्षार गेले की चव गेली, शिवाय लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जाते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली, लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी क्षार असतील तेथे या यंत्रांना बंदी घालावी, असा आदेश दिला तो याचसाठी. आमचे ६२० असल्यामुळे आम्ही निर्धास्त आहो. वाया जाणारे पाणी बादलीत धरून सौभाग्यवती फरशी पुसतात.

कार्बन बदलण्याची पुढची तारीख वहीत लाल शाईने लिहिली आहे. दादांच्या फिल्टरची त्याच्याखाली. त्यांचा कंपनीकडूनच आणावा लागेल.