संदर्भासहित स्पष्टीकरण

‘संदर्भासहित स्पष्टीकरण द्या’ हा प्रश्न मी परीक्षेच्या पेपरात गेली वीस वर्षे घालीत आलो आहे. संदर्भ सोडून ओळीचा अर्थ लावणाऱ्या मुलाचे गुण कापताना माझा हात कधी अडखळला नाही. पण गेल्या साली माझेच गुण कापले गेले, आणि तेही एका इस्पितळात!

आमचे दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, आतड्याला छिद्र पडल्यामुळे एकाएकी शस्त्रक्रियेला गेले आणि तिथून अतिदक्षता विभागात. पोटात पू झालेला, अंगात ताप, अन्न शिरेवाटे चाललेले. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना करण्यासारखे काही नसते. म्हणून ते सल्ले देतात. कुणीसे म्हणाले, ‘जखम भरायला जस्त लागतं.’ झाले! मी डॉक्टरांच्या मागे लागून दादांच्या रक्तातले जस्त तपासायला लावले. आकडा आला 41. कागदावर छापलेली खालची मर्यादा होती 70.

वहिनींनी तो कागद पाहिला आणि पदर डोळ्यांना लावला. ‘भाऊजी, म्हणजे माझ्या हातचं अन्नच निकस होतं का हो?’ तीस वर्षांचा संसार त्या एका आकड्याने नापास ठरवला होता. मी तरातरा आत गेलो. ‘जस्त द्या, भरपूर द्या!’

डॉक्टर तरुण, पण सबुरीचे. ‘सर, बसा,’ ते म्हणाले. ‘माणसाच्या अंगात दोनेक ग्रॅम जस्त असतं. त्यातलं रक्तद्रवात असतं हजारातला एखादा भाग. आपण तपासला तो तेवढाच. मोठी शस्त्रक्रिया झाली, जंतूंनी हल्ला केला, की काही तासांत यकृत हे जस्त आत ओढून घेतं. लोहही कुलूपबंद होतं, कारण जंतूंनाही लोह हवंच असतं. तांबं मात्र उलट वाढतं. दादांच्या अंगातली सूज मोजली, तीही खूप आहे. मग 41चा अर्थ एकट्या 41वरून कसा लावायचा?’

मला आमची आजी आठवली. दरोड्याची हूल उठली की ती हातातल्या पाटल्या उतरवून धान्याच्या कणगीत पुरून ठेवी. तिचे ओके हात पाहून घराला दारिद्र्य आले, असे कुणी म्हटले असते तर?

‘म्हणजे उणीव खोटीच?’ मी विचारले.

‘तसंही नाही. आतड्यातलं पाणी सारखं वाहून जात असलं, तर जस्तही खरोखरच जातं. 1970 नंतरच्या दशकात शिरेवाटे पोसलेल्या काही रोग्यांच्या तोंडाभोवती चट्टे उठले, केस गळले. खुराकात जस्त नव्हतं! ते देताच चट्टे गेले. तेव्हापासून खुराकात ते घालतात. दादांनाही रोज मिळतंय. पण जास्त दिलं म्हणजे जास्त गुण येतो, असं नाही. जंतुदोषानं अत्यवस्थ झालेल्या 1,089 रोग्यांवर जर्मनीत सेलेनियमच्या मोठ्या मात्रेचा प्रयोग झाला. 2016 साली निष्कर्ष आला: मृत्यू कमी झाले नाहीत.’

मी बाहेर आलो. वहिनींना प्रथम एवढेच सांगितले, ‘तुमच्या अन्नात काही उणं नव्हतं. दादांच्या शरीरानं जस्त जपून ठेवलंय.’ त्यांनी दोन दिवसांत पहिल्यांदा चहा घेतला.

तीन आठवड्यांनी सूज ओसरली आणि आकडा आपसूक वर चढला. आजीही, हूल विरली की, पाटल्या पुन्हा हातात चढवी.

दादा आता घरी आहेत. वरणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरतात. वहिनी म्हणतात, ‘अगदी पहिल्यासारखे झाले!’ आणि मी पेपर तपासताना चुकलेल्या स्पष्टीकरणाला अर्धा गुण देऊ लागलो आहे.