220 अंशांचा कोन

दहावीचे अंतर्लिखित कोनाचे प्रमेय मी अनेक वर्षे खडू-फळ्यावरच शिकवले. शाळेत प्रोजेक्टर आला आणि मी जिओजेब्रा हे गणिताचे सॉफ्टवेअर वापरू लागले. मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात याची सुरुवात केली. वर्गासाठी ते मोफत मिळते आणि आकृती जिवंत होते, एवढ्यावरच मी भाळले होते.

मी वर्तुळ काढले, AB जीवा घेतली, विशालकंसावर C बिंदू ठेवला. केंद्रीय कोन 80 अंश, अंतर्लिखित कोन 40. C कंसावरून फिरवला तरी 40 हलेना. मुले खूश झाली. बिंदू जरा जास्त ओढला गेला, B ओलांडून लघुकंसावर गेला आणि पडद्यावर एकदम 220 आले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "बाई, 220 कसे काय?" मी बिंदू मागे ओढला आणि म्हणाले, "तिकडे लक्ष देऊ नका, कॉम्प्युटरचे काहीतरी आहे."

कॉम्प्युटरचे काहीच चुकले नव्हते. जिओजेब्रा कोन एका ठरावीक दिशेने, घड्याळाच्या उलट मोजतो. C पलीकडे गेला की दिशा उलटते आणि आतला कोन सोडून बाहेरचा प्रविशाल कोन दिसतो. 360 मधून 220 गेले की उरतात 140. आणि 140 अधिक 40 म्हणजे 180. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परपूरक असतात, हे पुढचे प्रमेय त्या मुलीच्या प्रश्नात आयते आले होते. नंतर तेच मी फळ्यावर वेगळे म्हणून शिकवले, मुलांनी पाठ केले. तिचा प्रश्न मी मारला, याची बोच आजही आहे.

त्याहून मोठी चूक सिद्धतेची. माप बदलत नाही हे डोळ्यांनी दिसले, म्हणून सिद्धता मी घाईत उरकली. चाचणीत कारण म्हणून कित्येकांनी "आकृतीत तसे दिसते" असे लिहिले. गुण मी कापले, पण ते मीच शिकवले होते.

आता बिंदू ओढण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घेते. C मुद्दाम पलीकडे नेते, 220 चे कारण त्यांनाच शोधू देते, आणि मग त्रिज्या काढून समद्विभुज त्रिकोणांवरून सिद्धता करते. एका तासाचे दोन तास होतात. मला ते योग्य वाटते. तयारीसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधले जिओजेब्राचे धडे आणि अझीम प्रेमजी विद्यापीठाचे 'अ‍ॅट राइट अँगल्स' हे मासिक मला फार उपयोगी पडते. दोन्ही मोफत आहेत.

गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: वर्गात दाखवायची आकृती आदल्या दिवशी स्वतः सगळीकडे ओढून पाहा, आणि जिथे आकडा विचित्र येतो तिथेच तास थांबवा.