डिफॉल्टर लिस्ट

आमच्या कॉन्व्हेंट स्कूलच्या डायरीत पहिली सहा पानं नियमांची असायची. नखं, रिबन, पॉलिश केलेले शूज, आवारात मराठी बोलायचं नाही. बोललात तर एक रुपया दंड. (म्हणून आम्ही फक्त भांडणं मराठीत करायचो, निदान रुपया वसूल!) दर सोमवारी असेंब्लीनंतर दप्तरं उघडून बाकावर ठेवायची, आणि सिस्टर कंपासपेटीतला कागदसुद्धा उचलून बघायच्या. तक्रार असेल तर कोणाकडे जायचं, याबद्दल त्या सहा पानांत एक ओळ नव्हती. तेव्हा ते खटकलंही नाही. तक्रार सिस्टरनी आपल्याबद्दल घरी करायची असते, अशीच आमची समजूत.

इंजिनिअरिंगला ॲडमिशनच्या दिवशी मिळालेली नियमांची पुस्तिका कोणी वाचत नाही. मी सेकंड इयरला वाचली, आणि त्या डायरीची मोठी बहीण भेटल्यासारखं वाटलं.

सगळ्यात सविस्तर भाग हजेरीचा. ७५ टक्के. लेक्चर वेगळं, प्रॅक्टिकल वेगळं, आणि महिनाअखेर डिफॉल्टर लिस्ट, तीही दशांश चिन्हासकट. ७४.६ वाला बिचारा मेडिकल सर्टिफिकेट घेऊन एचओडींच्या केबिनबाहेर उभा! नियम हवाच, माझी ना नाही. नाहीतर सकाळी आठच्या मॅथ्सला सर आणि पंखा दोघंच असतील. पण आमचा हिशेब किती चोख ठेवतात बघा.

झडतीचा नियम मात्र एका ओळीचा. रेक्टर कधीही खोली तपासू शकतात, बस्स. कारण सांगायचं की नाही, मुलगी खोलीत असावी की नाही, काही नाही. हीटर, इस्त्री, किटली शोधायला हरकत नाही. हॉस्टेलचं वायरिंग जुनं आहे, फ्यूज उडाला तर अख्ख्या मजल्याच्या सबमिशनचे वांधे. पण कपाटातली पत्रं आणि औषधं कशाला चाळायची? केरळात फहीमा शिरीन नावाच्या मुलीला हॉस्टेलमधून काढलं होतं, कारण संध्याकाळी सहा ते दहा मोबाईल जमा करायचा नियम तिला मान्य नव्हता. ती कोर्टात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला सांगितलं. शिक्षणाचा आणि खाजगीपणाचा हक्क हॉस्टेलच्या दारात संपत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. आमच्या मजल्यावर ही बातमी कोणालाच माहीत नव्हती.

आता भेदभावाच्या तक्रारीचा नियम. तो पुस्तिकेत नाहीच.

माझ्या रूम पार्टनरची गोष्ट सांगते, नाव छापायचं नाही या अटीवर तिने परवानगी दिलीय. फर्स्ट इयरला एका सरांनी भर वर्गात सांगितलं, "फ्रीशिपवाले उभे राहा." मग कागदावरून नाव आणि पुढे कॅटेगरी, अशी यादी वाचली. ती उभी राहिली. त्या दिवसापासून मेसमध्ये "तुमचं काय, तुमचं बरं असतं" सुरू झालं. तिच्या सीईटीच्या मार्कांची चौकशी पण झाली. (माझे तिच्यापेक्षा कमी होते, मला कोणी विचारलं नाही.) पुढच्या वर्षी तेच सर पुन्हा शिकवायला आले, आणि ती त्यांच्या लेक्चरला बसेनाशी झाली. हजेरी ६८ टक्के. लिस्टमध्ये नाव आलं. का बसत नाही, हे लिहायला त्या लिस्टमध्ये रकाना नसतो.

गंमत म्हणजे नियम आहे! विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ सालीच उच्च शिक्षणसंस्थांसाठी काढलेला. वर्गात विद्यार्थ्यांची जात जाहीर करणं, त्यांच्यावर राखीव जागेचा शिक्का मारणं, हे त्यात भेदभाव म्हणून स्पष्ट लिहिलंय. समान संधी कक्ष हवा, भेदभावविरोधी अधिकारी हवा, हेही आहे. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या आया २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या हे नियम नीट अमलात यावेत म्हणून. दोघींची मुलं तोवर गेलेली होती. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे नियम आणले, त्यांना महिना संपायच्या आत न्यायालयाने स्थगिती दिली आणि पुन्हा २०१२ च्याच नियमांवर गाडी आली. त्यावर टीव्हीवर भरपूर आरडाओरडा झाला. आमच्या नोटीस बोर्डावर मात्र जुने ना नवे, कुठलेच नियम लागलेले मी पाहिले नाहीत. हा लेख वाचणाऱ्या सरांपैकी कोणी ते अधिकारी असतील तर कृपया नाव आणि केबिन नंबर लावा. आम्ही शोधून दमलो.

शेवटी आम्ही दोघी ऑफिसात गेलो. काका चांगले आहेत, पण त्यांनाही फॉर्म सापडेना. "असा काही छापील फॉर्म नाही गं, साध्या कागदावर लिहून दे," म्हणाले. तिने दोन पानं लिहिली. खाडाखोड नको म्हणून तीनदा उतरवून काढली. काकांनी शिक्का मारून पोच दिली, ती तिने जर्नलच्या फाईलमध्ये लावून ठेवलीय. कधीपर्यंत उत्तर येईल विचारलं तर म्हणाले, "वर पाठवतो."

त्यानंतर दोन डिफॉल्टर लिस्ट वेळेवर लागल्या. ताज्या लिस्टमध्ये ती ६६.४ वर आहे.