गळक्या छपराखालची पटकथा

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात कॅमेऱ्याची नवलाई नाही. नितीन देसाई यांनी 2005 साली चौकजवळ एन. डी. स्टुडिओ उभारला आणि ‘जोधा अकबर’चे महाल इथेच उभे राहिले. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भिवपुरीच्या धबधब्यावर मोबाइल घेऊन येणाऱ्यांची झुंबड उडते. पण त्याच डोंगरांच्या कुशीतल्या ठाकर-कातकरी वाड्या पावसाळा कसा निभावतात, ते पडद्यावर क्वचितच येतं. मला लघुपट करायचा होता तो या पावसाचा. म्हणून अभ्यासाला घेतला नागराज मंजुळे यांचा ‘पावसाचा निबंध’.

मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे पावसाची वाट पाहणाऱ्या मुलखातले. ‘सैराट’ 2016 मध्ये तुफान चालला, त्यानंतरचा त्यांचा हा जेमतेम 25 मिनिटांचा लघुपट. 65व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागातला दिग्दर्शनाचा पुरस्कार मंजुळे यांना मिळाला आणि ध्वनिमुद्रणाचा अविनाश सोनवणे यांना. राजा नावाच्या शाळकरी पोराला पावसावर निबंध लिहून आणायचा आहे आणि पाऊसच त्याला लिहायला उसंत देत नाही. दारूडा बाप, राबणारी आई, गळकं घर.

लघुपट थांबवत थांबवत पाहिला. वहीत दोन रकाने आखले: काय दिसतं आणि काय ऐकू येतं. दुसरा रकाना भराभर भरत गेला. पाऊस इथे पार्श्वसंगीतासारखा मागे पडत नाही, तो घरातल्या माणसांइतकाच वागता-बोलता आहे. राजाची गरज मात्र अगदी छोटी: गृहपाठ पुरा व्हावा. गरिबीवर कुणाचं भाषण नाही. गरज आणि अडथळा समोरासमोर ठेवले की प्रेक्षकाला सगळं कळतं.

मग सत्यजित राय यांचा 1964 सालचा ‘टू’ काढला. सुमारे बारा मिनिटं, आणि संवाद एकही नाही. वर खिडकीत खेळण्यांच्या ढिगात बसलेला श्रीमंत मुलगा, खाली झोपडीशी बासरी वाजवणारा पोर. खालच्याचा पतंग वरचा मुलगा छऱ्याच्या बंदुकीने पाडतो. शेवटी खेळण्यांच्या खडखडाटातूनही बासरी ऐकू येतेच. इथेही हवंसं वाटणारं छोटंच, आणि निकाल लागतो तो आवाजात.

माझ्या पटकथेला इथूनच आकार आला. कातकरी वाडीवरच्या मुलीला उद्या शाळेत जातीचा दाखला द्यायचाय. रात्रभर घर गळतंय. तो एक कागद कोरडा कुठे ठेवायचा? डब्यात, आढ्याला, आईच्या पदरात? सरकारी कचेरीतल्या वादाचा प्रसंग काढून टाकला. सगळं एका रात्रीत आणि एका खोलीत आणलं.

आईचे हात गळतीखाली भांडी सरकवत राहतात, पण कान डोंगराकडे असतात. खालापूर तालुक्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली. माझ्या लघुपटात दरड नाही. पाऊस वाढला की आई दाराशी जाऊन कानोसा घेते, एवढंच आहे. त्या दुःखाचा देखावा करायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं.

आवाजाची तयारी आधी केली. कौलांवरचा पाऊस, पत्र्यावरचा, मेणकापडावरचा, पागोळ्यांचा, पातेल्यात पडणाऱ्या थेंबाचा, असे सगळे वेगवेगळे मुद्रित केले. पातेलं भरत जातं तसा थेंबाचा आवाज बदलतो. त्या बदलावरूनच रात्र किती सरली ते कळेल, घड्याळ दाखवावं लागणार नाही. दिसण्याचंही एक तंत्र आहे. पाऊस कॅमेऱ्यात सहसा उमटतो तो मागून उजेड आणि त्याच्याही मागे काळोख असला तरच. म्हणून दाराबाहेर, चौकटीआड एक दिवा लावायचा आणि आई दाराशी गेली की तिच्याभोवती सरी दिसू द्यायच्या.

चित्रीकरण मे महिन्यात, शाकारणीपासून सुरू करणार आहे. घरातला बाप्या छपरावर चढून फुटकी कौलं बदलतो, नवी पुरत नाहीत तिथे मेणकापड अंथरतो आणि त्यावर दगड ठेवतो. मुलगी खालून एकेक कौल वर देते. रात्री नेमकं कुठे गळणार, हे प्रेक्षकाला त्या प्रसंगातच कळलेलं असेल.